कंसातलं मांजर

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही वाईला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि गुंड्या. गुंड्या दीड वर्षाचा आहे, लॅब्रॅडॉर आणि गावठी यांची मिसळ, वजन 22 किलो. नवरात्राच्या सुमाराला त्याच्या नाकाडावर आणि डाव्या पुढच्या पायावर रुपयाएवढे गोल चट्टे पडले, तिथले केस गेले. शेजारच्यांनी गजकर्ण आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मेडिकलमधून ट्यूब आणली. आठ दिवसांत लाली गेली, सुटलो म्हटलं. पण पुढं तेच चट्टे दुपटीनं पसरले. मग एकानं ‘ही लूत आहे’ म्हणत इंजेक्शन दिलं. आणखी कुणी गाडीचं जळकं ऑइल लावा म्हणालं, ते मात्र लावलं नाही. आता पोटावर लाल गोल उठलेत, त्यांच्या कडेला पापुद्रे सुटतात. कान खाजवतो, पायाची बोटं चाटत बसतो, अंगाला कुबट वास येतो. (गणपतीत अंगणात मांजराचं एक पिल्लू आलं, ते आमच्याकडेच राहिलंय. गुंड्या त्याला कुशीत घेऊन झोपतो. पिल्लाला काही झालेलं नाही.) मिस्टरांनी ऑनलाइन जांभळ्या उजेडाची बॅटरी मागवून गुंड्यावर मारून पाहिली, कुठंच हिरवं चमकलं नाही. गेल्या आठवड्यात मुलीच्या दंडावर एक गोल उठलाय. सासूबाई म्हणतात, कुत्रं शेतावर नेऊन बांधा. दीर म्हणतात, स्ट्रॉबेरीवर मारतो ते बुरशीनाशक पाण्यात घालून एकदा अंघोळ घाला. काय करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी दिरांना थांबवा. पिकावरचं बुरशीनाशक पानावर बसण्यासाठी बनवलेलं असतं, जिभेवर जाण्यासाठी नव्हे, आणि कुत्रं अंगावर जे पडेल ते चाटतं. जळकं ऑइल लावलं नाहीत हे फार बरं केलंत. त्यानं कातडी भाजते, चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते, आणि डॉक्टरकडे आणलं की तपासायला हातात काही उरत नाही. आधी अर्धा तास ते काळं काढण्यातच जातो. माझ्या दवाखान्यात असे काळेकुट्ट कुत्रे दर पावसाळ्यात येत, आणि प्रत्येकाच्या मालकाला कुणीतरी ‘आमच्या आज्याच्या वेळेपासून’ हाच उपाय सांगितलेला असे.

आता पत्राकडे. तुम्ही सगळं नीट लिहिलंत, पण ज्या ओळीवर मी थबकलो ती तुम्ही कंसात टाकली आहे. गणपतीत मांजराचं पिल्लू आलं, गुंड्या त्याला कुशीत घेऊन झोपतो, आणि नवरात्राच्या सुमाराला चट्टे. कुत्र्यांना गजकर्ण करणारी सगळ्यात नेहमीची बुरशी म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस. नावात कुत्रा असला तरी तिचं खरं माहेर मांजर. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे तारखा जुळतात. आणि ‘पिल्लाला काही झालेलं नाही’ यावर मी विसंबणार नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ करतं, त्यामुळं त्याच्या अंगावर ही बुरशी दिसत नाही तरी असते. पिल्लाला उजेडात घ्या, कानांच्या कडा पाहा, मिशांच्या मुळाशी, हनुवटीखाली आणि नखांच्या भोवती पाहा. एखादी राखाडी खपली, चार तुटके केस, एवढंच असतं बऱ्याचदा.

पण संशयित सापडला म्हणजे खटला संपला असं नाही. गुंड्याला चट्टे आलेत नाकाडावर आणि पुढच्या पायावर. लॅब्रॅडॉरचं रक्त आहे, तेव्हा उकरत असेलच. मातीत राहणारी एक बुरशी आहे, नॅनिझिया जिप्सिया (जुन्या पुस्तकांत मायक्रोस्पोरम जिप्सियम), ती उकरणाऱ्या कुत्र्यांना नेमकी नाकावर आणि पंजांवर गाठते. तिसरी, ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस, उंदराघुशींकडून येते. शेतावर धान्याची खोली असेल तर तिथलं बीळ उकरणं हे कुत्र्याच्या दृष्टीनं पुण्यकर्मच. म्हणून बुरशी आहे का, आणि असली तर कोणती, हे कळलं तर ती कुठून आली हेही कळतं. मांजराला उगाच फाशी नको, आणि मातीतून येत असेल तर मांजरावर उपचार करून फायदा नाही.

याच्याही आधी एक प्रश्न आहे, तो मी एकदा विचारला नव्हता. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. दहा महिन्यांचं बॉक्सरचं पिल्लू, नाकाडावर आणि पुढच्या पायावर गोल टक्कल, थोडा कोंडा, खाज फारशी नाही. मी लांबूनच म्हणालो, गजकर्ण. ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या लिहून दिल्या; तेव्हा तेच चालत असे. सहा आठवडे मालक इमानेइतबारे गोळ्या देत राहिले आणि पिल्लू अर्धं बोडकं झालं. मग कुठं मी कातडी चिमटीत धरून ब्लेडनं खरवडली, रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत, आणि काचेवर तेलाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पुढं आठ आखूड पाय आणि मागं लांबट शेपटीसारखं अंग, असे किडे वळवळत होते. डेमोडेक्स. लुतीचाच एक प्रकार, जो केसांच्या मुळांत राहतो. त्याला बुरशीचं औषध देऊन मी सहा आठवडे खत घातलं म्हणायचं. कोवळ्या कुत्र्यात नाकाड आणि पुढचे पाय ही डेमोडेक्सची अगदी ठरलेली जागा आहे, आणि गुंड्याचं वय, जागा, सगळं त्यालाही जुळतं.

तिसरी शक्यता पोटावर. तुम्ही लिहिलंत, लाल गोल, कडेला पापुद्रे सुटतात. हे वाचून मला बुरशीपेक्षा जंतू आठवले. आधी पूभरली बारीक पुळी येते, ती लवकर फुटते, आणि फुटल्यावर तिच्या भोवती पापुद्र्याचं कडं राहतं. कडं बाहेरच्या बाजूला सरकत जातं, मधला भाग काळपट होतो. दिसायला अस्सल गजकर्ण! कुत्र्याच्या पोटावरचे असले गोल बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंचे असतात. गोल आकार हा पुरावा नाही. माणसांत गोल म्हणजे गजकर्ण असं आपल्या डोळ्यांना वळण लागलंय, तेच आपण कुत्र्यावर लावतो. आणि चौथं म्हणजे कान, बोटं आणि कुबट वास. तो प्रकार वेगळा, त्याच्याकडे शेवटी येतो. एकाच कुत्र्याच्या अंगावर हे तीन-चार पाहुणे एकाच वेळी असू शकतात, आणि तुमच्या ट्यूबनं त्यांना बहुधा एकत्र जेवायला बसवलंय.

ट्यूब. ती फेकली नसेल तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बहुतेकदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला कडक स्टिरॉइड अशी तिहेरी भेळ मिळते. स्टिरॉइड लाली आणि खाज दडपतं, म्हणून आठ दिवस बरं वाटलं. पण लाली म्हणजे शरीरानं पाठवलेली फौज. फौज मागं बोलावली की बुरशी, जंतू, डेमोडेक्स, जो कुणी तिथं असेल त्याला मोकळं रान. दुप्पट पसरले ते याच्यामुळं असावेत. शिवाय मलम कुत्र्याला लावलं की निम्मं त्याच्या पोटात जातं. जाता जाता सांगतो, घरात कुणाला सोरायसिससाठी कॅल्सिपोट्रिऑलचं मलम असेल तर ते कपाटात, कडी लावून. त्याची एक ट्यूब चावली तर कुत्रं दगावू शकतं.

ट्यूब आजपासून बंद. ते ‘लुतीचं’ इंजेक्शन कशाचं होतं, ज्यांनी दिलं त्यांना विचारून कागदावर लिहून घ्या. आयव्हरमेक्टिन असण्याची शक्यता आहे. बुरशीच्या काही गोळ्या आयव्हरमेक्टिनबरोबर पडल्या तर त्याचा विषारी परिणाम वाढतो, म्हणून नव्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

आता मिस्टरांच्या बॅटरीचं. कल्पना चांगली होती, बॅटरी चुकीची होती. ज्याच्यावरून हे सुचलं तो वुडचा दिवा. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं 1903 साली त्याची काच बनवली, आणि बुरशी लागलेले केस त्याखाली चमकतात हे 1925 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं. त्याच्या उजेडाची तरंगलांबी 365 नॅनोमीटरच्या आसपास असते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बॅटऱ्या बहुतेक 395 च्या, म्हणजे नुसताच झगझगीत जांभळा उजेड. त्या लखलखाटात खरी चमक बुडून जाते. बरं, दिवा खरा असला तरी चमकतं ते मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस. मातीवाली आणि उंदीरवाली या दोघी अंधारातच बसून राहतात. म्हणजे चमकलं नाही यावरून ‘बुरशी नाही’ असं म्हणता येत नाही.

चमकतं तेव्हा कसं दिसतं, ते मात्र सांगायला हवं, कारण फसवणूकही तिथंच होते. खोलीत पूर्ण अंधार करायचा, आपले डोळे अंधाराला सरावू द्यायचे, दिवा कातडीपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरायचा आणि घाई न करता मिनिटभर एकाच जागी पाहायचं. कोंडा पिवळट-पांढरा दिसतो, मलमाचा थर निळसर, सतरंजीचे धागे तर दिवाळीसारखे लखलखतात. यांतलं काहीच आपलं नाही. खपली बोटानं हलकेच उचलायची. तिच्याखाली केसाचा बुंधा, कातडीतून वर येणारा पहिला एखादा मिलिमीटर, हिरव्या सफरचंदाच्या रंगात उजळलेला दिसतो. एखादाच केस असतो कधी कधी. तो चिमट्यानं उपटायचा, काचेवर ठेवायचा, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा नाहीतर साध्या मिनरल ऑइलचा थेंब. शेजारी एक निरोगी केस ठेवला की फरक शिकवावा लागत नाही. निरोगी केस तारेसारखा, कडा स्वच्छ, आत गाभ्याची रेघ. बुरशीचा केस फुगलेला, फिकट, कडा झिजल्या सुंभासारख्या, आणि भोवती बारीक मण्यांची रास. ते मणी म्हणजे बीजाणू. हे दिसलं की त्याच दिवशी, तिथंच निदान पक्कं. मला आजही हा केस सापडला की शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून दाखवावासा वाटतो.

नाही सापडला तर कल्चर, म्हणजे बुरशी थाळीत वाढवून पाहणं. नवा कोरा टूथब्रश घ्यायचा, चट्ट्यांवरून आणि मग सगळ्या अंगावरून दोन-तीन मिनिटं फिरवायचा, आणि त्याचे दाते माध्यमाच्या थाळीवर हलके टेकवायचे. हे माध्यम पिवळं असतं. गजकर्णाची बुरशी वाढू लागली की ते लाल होतं. इथं एक खोच आहे: पांढरी कापसासारखी वाढ आणि लाली दोन्ही बरोबर यायला हव्यात, साधारण पहिल्या आठवड्यात. घरातली कुठलीही भिंतीवरची बुरशी पुढं कधीतरी माध्यम लाल करतेच, पण तिची वाढ आधी दिसते, रंग हिरवा-काळा असतो आणि लाली मागाहून येते. म्हणून थाळी रोज बघावी लागते. चौदाव्या दिवशी कपाट उघडून ‘लाल आहे, पॉझिटिव्ह’ म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. आणि लाल झाल्यावरही वाढीचा अंश निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तेव्हा जात कळते. मायक्रोस्पोरम कॅनिसचे बीजाणू चातीसारखे दिसतात, दोन्हीकडे निमुळते, जाड भिंतीचे. मातीवालीचे पातळ भिंतीचे. मांजर की माती, याचा निकाल इथं लागतो.

वाईत कोण काय करतं मला माहीत नाही, पण शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला महामार्गावरच. तिथं जा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तसं करा, फक्त तीन गोष्टी करून घ्या: खरवडून पाहणं, पोटावरच्या कड्याला चिकटपट्टी लावून ती रंगवून पाहणं, आणि केस. तिन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही. हे न करता कुणी पुन्हा नुसती चिठ्ठी लिहायला लागलं तर ‘एकदा खरवडून बघता का?’ असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

समजा गजकर्णच निघालं. निरोगी कुत्र्यात ते काही महिन्यांत आपोआपही बरं होतं, हे खरं आहे. पण तोवर गुंड्या घरभर बीजाणू सांडत राहील, आणि घरात सात वर्षांची मुलगी आणि वयस्कर बाई आहेत. तेव्हा वाट पाहायची नाही. उपचार बाहेरून आणि आतून दोन्ही.

बाहेरून म्हणजे मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडीन, दोन्ही 2 टक्के असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, सगळ्या अंगाला. फक्त चट्ट्यांना नव्हे. फेस करून दहा मिनिटं राहू द्यायचा. ही दहा मिनिटं कुणीच पाळत नाही. फेस केला, कुत्र्यानं अंग झटकलं, सगळे भिजले, धुऊन टाकलं, झालं. यावर माझा उपाय असा: आधी चट्टे असलेल्या भागाला लावायचा, मग उरलेल्या अंगाला, मुलीच्या हातात घड्याळ द्यायचं (हात लावायचा नाही, फक्त वेळ सांगायची), आणि तेवढ्यात तुम्ही भाकरीचे तुकडे एकेक करून भरवायचे. दुपारच्या उन्हात करा. वस्तऱ्यानं भादरू नका. कातडीला बारीक चिरा पडतात आणि बुरशीला नव्या वाटा मिळतात. चट्ट्याभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीनं कापले तरी पुरे.

आतून म्हणजे गोळ्या. इट्राकोनाझोल साधारण किलोला 5 मिलिग्रॅम या हिशेबानं, किंवा टर्बिनाफीन. आकडा सांगतोय तो तुम्हाला डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून, घरी कॅप्सूल फोडून वाटण्या करायला नाही. टर्बिनाफीनचा कुत्र्याचा डोस किलोमागे माणसापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ‘माणसाची अर्धी गोळी’ हा हिशेब चुकतो. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या तर थांबवून फोन करायचा, यकृतावर परिणाम होऊ शकतो. सुरू करण्याआधी रक्त तपासलेलं बरं. ग्रिसिओफल्विन आता माझ्या यादीत नाही.

थांबायचं केव्हा? केस आले म्हणजे नव्हे. केस बुरशी असतानाही उगवतात. चट्टे गेले आणि टूथब्रशचं कल्चर निगेटिव्ह आलं की मग. बहुतेक ठिकाणी उपचार फसतो तो इथं, चौथ्या आठवड्यात, कुत्रं सुंदर दिसू लागल्यावर.

पिल्लालाही हेच, त्याच्या वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधानं. त्याला उचलून दुसऱ्या आळीत सोडून येऊ नका. तुमच्या घरातून जाईल आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या दंडावर उमटेल.

पोटावर जंतू निघाले तर वेगळं प्रतिजैविक लागेलच असं नाही, बऱ्याचदा हाच क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू पुरतो. डेमोडेक्स निघाला तर त्यावर आता चांगल्या गोळ्या आहेत, आणि तो माणसाला लागत नाही.

घराबद्दल. पुस्तकात लिहिलेलं असतं की बीजाणू दीड वर्ष जगतात, आणि लोक ते वाचून गादी जाळायला निघतात. दीड वर्ष हे प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं. घरात ते जगले तरी वाढत नाहीत, फरशीवर त्यांची वस्ती होत नाही. ते फक्त पडलेल्या केसांवर आणि कोंड्यावर बसून असतात. म्हणजे केस गेले की ते गेले. कोरड्या केरसुणीनं झाडू नका, धुरळा उडतो. ओल्या फडक्यानं पुसा, रोज. गुंड्याची गोधडी, सासूबाईंच्या लुगड्याची शिवलेली असली तरी, साध्या साबणात दोनदा धुवायची, बाकीच्या कपड्यांत मिसळायची नाही, कडक उन्हात वाळवायची. फरशी आधी साबणानं स्वच्छ करून मग ब्लीचचं पाणी, 1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, वाळेपर्यंत दोघांना बाहेर. ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो. फिनेल नको, विशेषतः मांजर असलेल्या घरात. उपचार चालू असेपर्यंत दोघांची हद्द ठरवा: पडवी, अंगण, फरशीची एक खोली. सोफा आणि गाद्या नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. गजकर्ण कुत्र्यामांजरांकडून माणसाला लागतं, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, साखरेचे किंवा कॅन्सरचे रुग्ण यांनी जास्त जपायला हवं. त्यांना मधुमेह असेल तर गुंड्याची अंघोळ, खपल्या, गोधडी यांना त्यांनी हात लावायचा नाही. पण शेतावर बांधल्यानं काय होईल? तिथं त्याला आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फेस लावून कोण उभं राहणार? गोळी जेवणाबरोबर कोण देणार? उपचार सुटतील, तो सैल होऊन घरी पळत येईल, वर उंदरांच्या बिळाशी आणखी सलगी. पडवीत ठेवा. त्याच्याशी बोला, लांबून चेंडू टाका, हात लावला की साबणानं धुवा. दीड वर्षाचं कुत्रं दोन महिने एकटं बांधलं तर त्याचा स्वभाव बिघडतो, आणि त्यावर शाम्पू नाही.

मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि घरात चट्टे असलेला कुत्रा आहे, मांजराचं पिल्लूही आहे असं त्यांना आपणहून सांगा. गुंड्याची ट्यूब तिला लावू नका. आणि एक जरा अवघड प्रश्न विचारतो. घरात मोठ्यांपैकी कुणाला कमरेला, जांघेत, पोटऱ्यांवर बरेच दिवस खाज सुटणारे चट्टे आहेत का? गेल्या काही वर्षांत आपल्याकडे माणसांमध्ये हट्टी गजकर्णाची साथच आली आहे. ती पसरवणाऱ्या बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव मिळालं, नावातच आपला देश. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला जाते, टॉवेलमधून, एकत्र धुतलेल्या कपड्यांतून, आणि तिच्यापुढं टर्बिनाफीनही पुष्कळदा हात टेकतं. तिहेरी ट्यूबांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. मुलीच्या दंडावरचा गोल गुंड्याकडूनच आला असं धरून चालू नका. तसं असेल तर असेल. पण कुत्र्यावर आळ घालून घरातलाच माणूस तपासायचा राहून जातो, हे मी पाहिलंय.

राहिला तो कुबट वास. कान, बोटांच्या बेचक्या, काखा, मानेखालची वळी, आणि शिळ्या पावासारखा वास: हे मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचं लक्षण. ही बुरशीच, पण गजकर्णाची नव्हे. ती निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडीफार असते, बाहेरून ‘लागत’ नाही. तिचं पूर्ण नाव मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस, म्हणजे जाड कातडीवरची, कारण 1925 मध्ये ती पहिल्यांदा वेगळी केली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या अंगावरून. चिकटपट्टी लावून रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली भुईमुगाच्या शेंगांसारखी दिसते, कुणाला चपलेच्या ठशासारखी. उपाय तोच शाम्पू, तीच दहा मिनिटं. कानात मात्र शाम्पू नको, आणि डॉक्टरांनी पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय कुठलेही थेंब नकोत. पोळ्यांना लावायचं किंवा डोक्याचं तेल चोळू नका; या यीस्टला तेलकटपणाच आवडतो.

पण ती एवढी माजली का, हा खरा प्रश्न. दीड वर्षाच्या कुत्र्यात बहुधा खाली अॅलर्जी असते, पिसवांची, धुळीतल्या किड्यांची, क्वचित खाण्यातली. बोटं चाटणं हे अॅलर्जीचं जुनं गाऱ्हाणं. म्हणून गजकर्ण संपलं तरी पुढच्या पावसाळ्यात बोटं तांबूस दिसू लागली, तर ‘परत बुरशी आली’ म्हणून गोळ्या सुरू करू नका. त्या वेळी मला पुन्हा लिहा, अॅलर्जीचं प्रकरण वेगळं आणि लांबलचक आहे. पिसवांचं औषध मात्र आत्ताच, दोघांना. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावायचं नाही, त्यानं मांजर मरतं.

शिरवळला जाल तेव्हा ट्यूबचं खोकं, इंजेक्शनचं नाव लिहिलेला कागद आणि दोघंही बरोबर न्या. पिल्लू झाकणाच्या टोपलीत, खाली वर्तमानपत्र. आणि जाण्याआधी गुंड्याला अंघोळ घालू नका. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून लोक कुत्रं चकाचक धुऊन, वर पावडर मारून आणतात, आणि आम्हाला हवी असलेली खपली मोरीतून वाहून गेलेली असते.